तासाचे पाचशे रुपये

येलहंका, बेंगळूरू
९ जून २०२५

चि. शमिका हिस,
अनेक आशीर्वाद.

सवयीने आधी 'चि. सौ.' लिहिले गेले होते. तो कागद बदलला.

तुझी मेल मिळाली. मेलला मेलनेच उत्तर द्यायला हवे हे कळते, पण स्क्रीनसमोर बसले की मला दोन ओळींच्या पुढे जाता येत नाही. फोनवर तर आपण दोघेही लगेच गप्प होतो. म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवतो. पुण्याला तीन दिवसांत मिळते असे पोस्टात म्हणाले.

शार्दूलला जाऊन नऊ महिने झाले. त्याचे दिवस झाल्यावर तू परत गेलीस, त्यानंतर तुझ्याकडून आलेले हे पहिलेच लिहिणे. कामापुरते असले तरी तुझ्या सासूबाईंनी ते दोनदा वाचायला लावले. मार्चमध्ये तुझी नोकरी गेली हेही त्यातूनच समजले. वाईट वाटले.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. यशवंतपूरचे किराणा मालाचे घाऊक व्यापारी गुरुप्रसाद त्यांच्या वेबसाइटचे काम तुला दोन वर्षांसाठी द्यायला तयार आहेत. दर शार्दूलचाच, तासाला पाचशे. तीस जूनपर्यंत तुला उत्तर द्यायचे आहे. तेव्हा हा पाचशेचा आकडा शार्दूलने कशावरून काढला, त्याचा काही कागद कपाटात आहे का, असे तू विचारतेस.

कपाट पाहिले. तीन फायली आहेत. एकीत क्लायंटांची बिले, दुसरीत महिन्यांचे टाइमशीट, तिसरीत बँकेचे आणि किरकोळ कागद. दराचा कागद सापडला नाही. तो आकडा त्याने स्वतःच ठरवला असावा. मला त्याच्या कामातले फारसे कळत नसे.

माझे मत विचारशील तर पाचशे वाईट नाही. दोन वर्षांचे बांधलेले काम आहे आणि माणूस वेळेवर पैसे देणारा आहे. ती साइट तू आणि शार्दूलने मिळूनच उभी केली होती, त्यामुळे तुला ती परकी नाही. घासाघीस करून हातचे काम घालवू नये असे मला वाटते.

लॉफ्टवर तुझे पुस्तकांचे खोके आहे. हवे असल्यास पाठवतो.

बाबा


१४ जून २०२५

चि. शमिका हिस,
अ. आ.

पहिले पत्र तुला पोचले असेल. तुझ्या उत्तराची वाट न पाहता हे लिहितो आहे.

काल गुरुप्रसाद घरी आले होते. पूर्वी कधी आले नव्हते. सोबत पाच किलो तूरडाळ आणली, नको म्हटले तरी ठेवून गेले. हिने कॉफी दिली आणि म्हणाली, "साखर स्वल्पच घातली आहे. शुगर असेल तुम्हाला."

"अक्का, शुगर माझ्या अंगात नाही, गोदामात आहे," ते म्हणाले. ही हसली. या घरात खूप दिवसांनी कोणी हसले.

मग ते मुद्द्यावर आले. "सार, किराणा दुकानदार आता दुकानातूनच मोबाइलवर माल मागवतात. साइट एक दिवस बंद पडली तर माझ्या पन्नास गाड्या उभ्या राहतात. नवा माणूस आणला तर तीन महिने तो शार्दूलनं काय लिहिलंय ते वाचतच बसेल. तुमच्या सुनेला सगळं माहीत आहे. तुम्ही शब्द टाका. जुनाच रेट ठेवू, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको."

मी म्हणालो, "लिहितो तिला."

ते गेल्यावर ही म्हणाली, "लिहितो म्हणालात. काय लिहिणार आहात?"

मी डाळीची पिशवी उचलायला वाकलो.

"समोरच्याला नाही म्हणणं तुम्हाला कधी जमलंय?" एवढे म्हणून ती कप घेऊन आत गेली.

शमिका, मागच्या पत्रात मी खोटे लिहिले. कागद आहे. तिसऱ्या फायलीत, बँकेच्या कागदांच्या मागे. सोबत झेरॉक्स पाठवतो. अक्षर माझे आहे, हे तू पाहताच ओळखशील. वर तारीख ११ ऑगस्ट २०१९ आहे.

हेब्बाळच्या कंपनीतली नोकरी सोडून तेव्हा त्याला आठवडा झाला होता. तू त्या सुमारास तुझ्या आईकडे होतीस. तो वही घेऊन माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "बाबा, लोक विचारतात तासाला किती घेणार. मी काय सांगू?"

मी चौतीस वर्षे कारखान्याच्या कॉस्टिंगमध्ये काढली. कुठल्या कामाला किती मनुष्यतास आणि तासाला किती खर्च, हेच माझे काम होते. त्याने नोकरी सोडली म्हणून मी नाराज होतो, तरी त्याने मला विचारले याचा आनंद झाला. त्याच्या कामातले त्याने मला विचारलेले ते पहिलेच.

मी रीतसर मांडले. वर्षाचा पगार बारा लाख. कामाचे दिवस तीनशे, दिवसाला आठ तास, म्हणजे चोवीसशे तास. तासाला पाचशे. भागाकाराला बाकी उरली नाही याचेसुद्धा मला समाधान वाटले होते.

"यावर थोडं काही धरायचं का? प्रॉफिट वगैरे?" त्याने विचारले.

"स्वतःच्या मजुरीवर नफा लावायला आपण दलाल आहोत का?"

"सरी, साहेब," असे कानडीत म्हणून तो हसत उठला. त्याच दिवशी त्याने पहिल्या क्लायंटला पाचशे सांगितले.

हे मी आधीच सांगायला हवे होते. पण गणित चुकलेले नाही. तू तपासून पाहा.

बाबा


२१ जून २०२५

चि. शमिका हिस,
अ. आ.

तुझी मेल एका ओळीची होती. 'बाबा, यात रजा शून्य आणि आजारपण शून्य असं का लिहिलंय?'

मला लगेच उत्तर सुचले होते. तो घरूनच काम करणार होता. घरी असलेल्या माणसाला रजा कसली, आणि बरे नसले तरी चार पावलांवर टेबल आहे, असा माझा तेव्हाचा विचार. मी स्वतः चौतीस वर्षांत आजारपणाची रजा अकरा दिवस घेतली. निवृत्तीच्या समारंभात मॅनेजरांनी ते भाषणात सांगितले होते. हेच सगळे मी तुला लिहायला घेतले आणि पुरे केले नाही.

त्याऐवजी तो कागद घेऊन हयवदनकडे गेलो. तू त्याला तुमच्या लग्नात पाहिले असशील. उंच, मोठ्याने बोलणारा, माझ्याच कारखान्यातला. आमची टेबले एका हॉलमध्ये होती. कागद कोणाचा ते मी आधी सांगितले नाही.

त्याने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाला, "हा माणूस आहे की लेथ मशीन? लेथसुद्धा देखभालीला बंद ठेवायचो रे आपण."

"आकडे चुकलेत का?"

"आकडे ठीक आहेत. अर्धाच हिशेब आहे. तू लेबरचा दर काढून आमच्याकडे पाठवायचास. सुट्ट्या, आजार, काम नाही म्हणून बसून गेलेले तास, वीज, पी.एफ., कॅन्टीन, हे सगळं आमचं ओव्हरहेड सेक्शन वर चढवायचं. तुझ्या पाचशेचे आमच्याकडून तेराशे-चौदाशे होऊन बाहेर जायचे. तुला काय ठाऊक असणार? तुझं काम तुझ्या टेबलाशी संपायचं." मग त्याने कागद उलटा करून पाहिला. "मागे काही नाही. याचं ओव्हरहेड कोणी केलं?"

"कोणी नाही."

"कोणाचा आहे हा, दामोदर?"

मी सांगितले. त्याने चष्मा काढला. मग "कॉफी घे" म्हणाला. माझ्या हातात कॉफी होती.

घरी येऊन टाइमशीटची फाइल काढली. शार्दूल दोन रकाने ठेवत असे. एकात पैसे मिळणारे तास, दुसऱ्यात बाकीचे. नवे काम शोधणे, फोन, कामाचा अंदाज लिहून देणे, स्वतःच्या चुका दुरुस्त करणे, नवीन काही शिकणे. आठ तास बसला तर पैसे पाचच तासांचे. मी त्याचे सगळे आठ धरले होते. पाचशेच्या दराने बारा लाख मिळवायला त्याला वर्षातले तीनशे दिवस रोज पावणेतेरा तास बसावे लागत होते. तू म्हणायचीस, तो घरात असून घरात नसतो. मला ती तक्रार वाटायची.

गेल्या सप्टेंबरचे पान शेवटचे आहे. ताप दोन तारखेला आला. तीन तारखेला चार तास. चारला सहा. पाचला साडेपाच. सहाला तीन. गुरुप्रसादांच्या साइटवर गणपतीची गर्दी होती. सात तारखेला, चतुर्थीच्या दिवशी, आम्ही त्याला हॉस्पिटलमध्ये नेले. तोवर प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या. पुढचे तुला माहीत आहे.

पाच तारखेला मी त्याला गरम पाणी द्यायला गेलो तेव्हा लॅपटॉप मांडीवर होता. मी म्हणालो, "आज राहू दे." तो म्हणाला, "राहू दिलं तर आजचे शून्य, बाबा." मी पाणी ठेवून बाहेर आलो.

हयवदनने दुसऱ्या दिवशी फोन करून पुन्हा सगळे नीट मांडायला लावले. कामाचे दिवस दोनशे वीस. दिवसाचे पैसे मिळणारे तास पाच. म्हणजे वर्षाला अकराशे. बारा लाखांवर विमा, पी.एफ., लॅपटॉप, वीज, इंटरनेट असे मिळून तीन लाख चाळीस हजार. तासाला चौदाशे येतात.

पाचशेला हो म्हणू नकोस.

बाबा


२४ जून २०२५

चि. शमिका हिस,
अ. आ.

मागचे पत्र लिहून टाकले तेव्हा वाटले होते की सगळे सांगून झाले. झाले नव्हते. तीस तारखेच्या आत हे तुझ्या हाती पडावे म्हणून आजच टाकतो.

मार्च २०२२ मध्ये शार्दूलने सगळ्या क्लायंटांना पाठवायची एक मेल लिहिली होती. एप्रिलपासून दर आठशे. पाठवण्याआधी प्रिंट काढून माझ्याकडे आणली. "इंग्लिश बघा जरा," म्हणाला. मी दोन ठिकाणी इंग्लिश सुधारले आणि म्हणालो, "एकदम साठ टक्के? आम्हाला वेज रिव्हिजनला पाच-पाच वर्षं थांबावं लागायचं. हे लोक तुला घरबसल्या काम देतात. उद्या दुसऱ्याकडे जातील."

"सगळे जाणार नाहीत, बाबा."

"किती जातील ते तुला माहीत आहे का?"

ते त्याला माहीत नव्हते. कोणालाच नसते. त्याने कागद घडी करून ठेवला. मेल गेली नाही. तो प्रिंटही त्याच फायलीत आहे.

हे त्याने तुला सांगितले नाही, हे मला डिसेंबर २०२३ मधल्या त्या रविवारी कळले. दुपारची वेळ होती. तुम्ही दोघे हॉलमध्ये होता. तू त्याला विचारत होतीस, "तू मागत का नाहीस? एक साधं वाक्य आहे. चार वर्षं तोच दर?" तो म्हणत होता, "बघतो गं." तू म्हणालीस, "काय बघतोस? तुला स्वतःची काही किंमतच नाही, शार्दूल."

तू नंतर हिच्याजवळ म्हणालीस की बाबा झोपले होते म्हणून बरे. मी झोपलो नव्हतो. आतल्या खोलीत पेपर वाचत होतो, दार अर्धे उघडे होते. बाहेर येऊन एवढेच सांगायचे होते की तो मागणार होता, मी अडवले. मी पेपरचे पान उलटले.

तोही माझे नाव घेऊ शकला असता. त्याने घेतले नाही. जानेवारीत तू पुण्याला गेलीस. तुला स्टेशनवर सोडून तो परत आला आणि कामाला बसला. त्यानंतर आठ महिने आम्ही दोघे एका घरात होतो आणि मी त्याच्याशी या विषयावर एक शब्द बोललो नाही.

शमिका, त्या दिवशी तू जे बोललीस ते त्याला लागू नव्हते. त्याला त्याची किंमत माहीत होती, ती त्याने लिहूनसुद्धा काढली होती. ते बोलणे मला लागू होते. तू ते त्याला बोलून बसलीस याचे तुला काही वाटत असेल, तर त्यात तुझी चूक नाही हे तुला कळावे, म्हणून हे लिहिले. मला माफ कर असे मी म्हणत नाही.

आणखी एक. चौदाशे हा आकडाही माझाच आहे, म्हणून तो तसाच उचलू नकोस. तुझे दिवस आणि तुझे तास तू मोज. गुरुप्रसादांना मी फोन केला आणि सांगितले की मी तुला त्यांच्या वतीने काही सांगणार नाही.

"का सार, रागावलात?"

"नाही. तिचं काम आहे, ती सांगेल."

"सरी," म्हणाले.

बाबा


४ जुलै २०२५

चि. शमिका हिस,
अ. आ.

तीस तारखेची तुझी मेल मिळाली. उत्तराला उशीर झाला. कारण पुढे येईल.

तू सोळाशे सांगितलेस. गुरुप्रसाद म्हणाले, "अष्टेना? सरी." पुढच्या आठवड्यापासून सुरू करा म्हणाले आणि फोन ठेवला. एक मिनिटसुद्धा झाले नव्हते असे तू लिहितेस, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत तू जागेवरून उठली नाहीस.

एवढंच ना, बरं. इतकी वर्षे या गावात राहून हे कानडी शब्द मी हजारदा ऐकले असतील, भाजीवाल्याकडून, रिक्षावाल्याकडून. गुरुप्रसादांचा आवाज मला माहीत आहे, त्यामुळे ते कसे म्हणाले असतील हेही ऐकू येते. सहज. मार्च २०२२ मध्ये आठशेला ते असेच म्हणाले असते.

माझ्या मागच्या पत्राबद्दल तू काही लिहिले नाहीस. शेवटी फक्त विचारलेस, 'आईंना हे माहीत आहे का?'

नव्हते. तुला एवढी पत्रे लिहिली, ती पोस्टात टाकायला जाताना ही दारापर्यंत येत होती, पण आत काय आहे ते मी तिला सांगितले नव्हते. तीन दिवस गेले. काल सांगितले.

ती डायनिंग टेबलाशी तांदूळ निवडत होती. मी तुझ्या कामापासून सुरुवात केली.

"किती सांगितलं तिनं?"

"सोळाशे."

"मग?"

"हो म्हणाले."

"लगेच?"

"लगेच."

ती निवडत राहिली. मग मी २०१९ चा कागद तिच्यासमोर ठेवला आणि बाकीचे सांगितले. हयवदन काय म्हणाला ते, आठशेची मेल, आणि तो रविवार. रविवारचे ऐकताना तिचा हात थांबला.

"का अडवलंत त्याला?"

मजुरीवर नफा नको, साठ टक्के वाढ कोणी मागत नाही, ही सगळी उत्तरे तुला लिहून झाली होती. हिच्यासमोर त्यातले एकही तोंडातून निघाले नाही. ती खरी नव्हतीच. ती मी मागाहून शोधली असावीत.

मी म्हणालो, "मला भीती वाटली. लोक नाही म्हणतील, कामं जातील आणि तो घरी बसेल."

 ती ताट पुढे ओढून पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

"बसला असता तर बसला असता," ती म्हणाली. "मी वाढलं असतं त्याला."

बाबा